पडद्याला डाग

मागच्या उन्हाळ्यात मी जो टीव्ही घेतला तो, खरं सांगायचं तर, काळ्या रंगासाठी घेतला. दुकानात दोन टीव्ही शेजारी शेजारी चालू होते. एक स्वस्तातला एलईडी, आमच्या घरी होता तसलाच, आणि दुसरा ओएलईडी. दोन्हीवर रात्रीचं आकाश होतं. एलईडीवरचं आकाश जुन्या छत्रीसारखं विटकं, आणि एका कोपऱ्यातून मागचा उजेड पाझरत होता. दुसऱ्यावरचं आकाश इतकं काळं, की टीव्ही कुठं संपला आणि दुकानाची भिंत कुठं सुरू झाली ते कळेना. "सर, ह्याच्यात मागं लाईटच नसते. एकेक ठिपका स्वतः पेटतो, आणि काळं दाखवायचं असलं की स्वतः विझतो," सेल्समन म्हणाला. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. हे सगळं मीच वर्गात सांगत असतो. तरी मी जन्मात पहिल्यांदा ऐकल्यासारखी मान हलवली आणि चार दिवसांत टीव्ही शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी येऊन पोचला.

"काय विशेष हाय ह्याच्यात?" आईनं विचारलं.

"यात काळं अगदी खरंखुरं काळं दिसतं."

"त्याला टीव्ही कशाला पायजे? डोळं मिटलं की दिसतंय की," आई म्हणाली आणि मेथी निवडायला गेली.

बायकोला मी सांगितलं होतं की टीव्ही आईसाठी घेतोय. आईची पंच्याहत्तरी उलटलेली, तिला मोठं आणि ठळक दिसेल. हे अगदीच खोटं नव्हतं. वडील गेल्यापासून आईचं आणि माझं बोलणं 'जेवलीस का' आणि 'गोळ्या घेतल्यास का' एवढ्यावर आलं होतं. दोघं एका जागी बसायचो ते संध्याकाळी, तिच्या मालिकेच्या वेळी, आणि तेव्हाही मी पेपर तपासत असायचो. नवा टीव्ही आणला की आई माझ्या शेजारी बसेल, मी काहीतरी समजावून सांगेन, ती एकदा तरी 'छान हाय' म्हणेल, असं माझ्या मनात होतं. वयाच्या पन्नाशीत आईकडून शाबासकी हवी असणं शोभत नाही, म्हणून ते कुणाला सांगितलं नाही.

मालिकेच्या वेळी आईच्या शेजारी कायम बसायच्या त्या खाला. खाला म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागलेल्या घरातल्या. त्यांचे यजमान मालट्रक चालवायचे, ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी गुडघ्याएवढा होतो तेव्हापासून या दोघी बोलतायत, खाला त्यांच्या दखनीत आणि आई तिच्या श्रीपूरकडच्या मराठीत, आणि एकीनं दुसरीची भाषा उचललेली नाही. मालिका सुरू झाली की खालांची टकळी सुरू. "आई देखो आक्का, बडी बहू आई. हरी साडी पैनी. मुँह फुगाको खडी है. सास कू देख्या बी नै उनो." समोर दिसतंय तेच सांगायचं. मला त्याचा मनस्वी राग यायचा. म्हातारपणी माणसं बडबडी होतात असा मी निष्कर्ष काढला होता, आणि माझे निष्कर्ष मी सहसा पुन्हा तपासत नाही.

नवा टीव्ही हॉलच्या भिंतीवर चढला आणि मी नियम केले. जुना एलईडी स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत एका स्टुलावर गेला. पहिला नियम पडद्यांचा. आमच्या हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी आहे आणि सोलापूरचं ऊन दिवस मावळला तरी हटत नाही. त्या काळ्याभोर काचेत संध्याकाळीसुद्धा मालिका कमी आणि बनियनवर बसलेला मीच जास्त दिसायचो. म्हणून जाड पडदे शिवून घेतले. दुसरा नियम शांततेचा, कारण टीव्ही इतका पातळ की त्याचा आवाज पाठीमागून कुठून तरी यायचा आणि भिंतीतच जिरायचा. तिसरा नियम सर्वांत कडक होता. या टीव्हीवर एकच चित्र फार वेळ ठेवलं तर त्याची खूण कायमची उमटते, असं मी वाचलं होतं. म्हणून बातम्या बंद, कारण खाली पट्टी असते. स्थानिक केबलचा चॅनेल तर बंदच बंद, कारण त्यावर पट्टीशिवाय काही नसतंच: कुठल्या भागात कधी पाणी येणार, कोण वारलं, कुठल्या दुकानात साड्यांचा सेल. "पडद्याला डाग पडेल" हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्या वेळा म्हटलं, की बायको माझी नक्कल करायला लागली.

तिसऱ्या नियमानं आमचं पाणी घालवलं. आमच्याकडं नळ रोज येत नाही आणि त्या आठवड्यात वेळ बदलली होती. ती पट्टीवर फिरत होती, पण पट्टी बघायला बंदी. अख्ख्या गल्लीनं भरून घेतलं आणि आम्ही कोरडे राहिलो. बादल्या घेऊन मी खालांच्या दारात गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "टीवी में से निकालो ना बेटा पानी. इत्ता बडा लाया." बायको त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराशेजारी गेली, जुना एलईडी लावला आणि पाण्याची पट्टी बघत भाकरी थापली.

मग हळूहळू सगळे तिकडंच सरकले. जुन्या टीव्हीचे रंग फिके, बाजूला बसलं तर माणसं पांढुरकी दिसतात आणि अंधारातला प्रसंग म्हणजे नुसती राख. पण तो भर उन्हात दिसतो, त्याचा आवाज सरळ तोंडावर येतो आणि त्याच्यासमोर लसूण सोलता येतो. हॉलमध्ये मी एकटा, पडदे ओढून, जंगलातल्या प्राण्यांच्या डोळ्यातली बुबुळं बघत बसायचो. एकदा खालांना मुद्दाम बोलावून आणलं. पाच मिनिटं बसल्या. मग पदर सावरत उठल्या. "नक्को बेटा. हियाँ बैठी तो परीक्षेकू बैठे सरीका लगता." मी पर्यवेक्षक म्हणून कॉलेजात बदनाम आहे, त्यामुळं मला ते लागलं.

आई मात्र कधीकधी यायची, माझं मन राखायला. मान किंचित वाकडी करून, तिरकं बघत बसायची. मी लगेच सांगायचो, "बघ, कुठूनही बघितलं तरी रंग तसेच्या तसे. तुझ्या त्या जुन्यावर असं व्हायचं नाही." आई म्हणायची, "व्हय." मग थोड्या वेळानं म्हणायची, "मी तिकडं जाऊन बसू का जरा? ती एकटीच हाय." आणि जायची. तिकडून खालांचा आवाज आणि आईचं हसणं ऐकू यायचं. मला त्या एलईडीचा हेवा वाटायचा. इतक्या स्वस्त वस्तूचा इतका हेवा मी आयुष्यात केला नव्हता.

खंडेनवमीला आमच्याकडं घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा असते. शिलाई मशीन, मिक्सर, माझी स्कूटर, सगळ्यांना हळदीकुंकू लागतं आणि झेंडूचं फूल मिळतं. जुन्या टीव्हीला चांगली चार बोटं रुंद काळी चौकट होती, तिथं आई कुंकू लावायची. नव्याला चौकटच नाही. आईनं काठावरून हात फिरवला. "ह्याला कपाळ कुटं हाय रे?" असं म्हणत तिनं हळदीकुंकवाची दोन बोटं थेट काचेवर, बरोबर मधोमध टेकवली. मी असा ओरडलो की मिक्सरपाशी बसलेली बायको दचकली. नंतर मी चष्म्याच्या फडक्यानं कुंकू पुसत अर्धा तास उभा होतो आणि आई ताटलीतलं फूल हातात धरून बाजूला उभी होती. शेवटी तिनं ते फूल जुन्या टीव्हीवर नेऊन ठेवलं.

त्यानंतर काही दिवसांनी खालांच्या मोतीबिंदूची तपासणी होती. सोबत म्हणून आई गेली. मी कॉलेजातून येऊन चहा घेत होतो तेव्हा आई हॉलच्या दाराशी आली.

"अरे, पडद्याला डाग पडलाय."

मी कप खाली ठेवला. "कुठं?"

"मधोमध."

"कधीपासून?"

"लई दिवस झाले. आधी बारका होता. आता मोठा झालाय."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू वरडशील म्हणून," आई म्हणाली.

मी ओरडलोच. पाण्याची पट्टी कोणी लावली होती, याची चौकशी केली. बायकोनं तवा हातात घेऊनच "मी नाही" म्हणून सांगितलं. मग मी शास्त्रीय पद्धतीनं कामाला लागलो. आईला समोर खुर्चीवर बसवलं आणि टीव्हीवर एकेक रंग पूर्ण पडदाभर लावत गेलो. आधी पांढरा. "दिसतोय डाग?" "दिसतोय की." लाल. "आता?" "हाय तितंच." हिरवा, निळा, प्रत्येकावर डाग होता. मला कशावरच दिसेना. मी तिला म्हटलं, नेमका कुठं आहे ते बोटानं दाखव. तिनं मध्यावर बोट ठेवलं. मी म्हटलं, बरं, आता वरच्या कोपऱ्यात बघ. "आता कोपऱ्यात गेला," आई म्हणाली. बघणारा जिकडं बघेल तिकडं डाग जातो, हे निरीक्षण मला तिनं अगदी व्यवस्थित दिलं. मी वर्षानुवर्षं भिंग, प्रतिमा आणि मानवी डोळा शिकवत आलोय. फळ्यावर डोळ्याची आकृती काढून त्यात 'दृष्टिपटल' हा शब्द मी न चुकता लिहितो. या सगळ्या विद्वत्तेच्या जोरावर मी अनुमान काढलं, की पॅनेलमध्ये काहीतरी सरकता दोष आहे.

"काळजी करू नको," मी आईला म्हटलं. "वॉरंटीत आहे. कंपनीचा माणूस येऊन बघेल, लागला तर पडदा नवीन बसवून देतील."

"नवीन बसीवत्यात?" आईनं विचारलं.

"देतात. फुकट."

आईचा चेहरा एकदम उजळला. इतक्या महिन्यांत माझ्या त्या टीव्हीमुळं ती पहिल्यांदाच खूश झाली होती आणि मला बरं वाटलं.

कंपनीचा माणूस शनिवारी सकाळी आला. त्यानं मी लावले होते तेच रंग लावले, जवळून बघितलं, लांबून बघितलं आणि पॅनेल एकदम ओके असल्याचं सांगितलं. मी त्याच्याशी वाद घालत होतो, तेवढ्यात आतून आई आली. केस नीट विंचरलेले, लग्नाकार्याला नेसते ती जांभळी साडी नेसलेली. मागोमाग खाला. आई खुर्चीवर बसली, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि मान वर करून त्या माणसासमोर डोळे उघडे ठेवून बसली.

"आदी डावा बघताय की उजवा?" तिनं विचारलं.

तो माणूस माझ्याकडं बघायला लागला. मी आईकडं. कुणाला काही कळेना. मग खाला म्हणाल्या, "आक्का के आँख का पडदा देखने कू आए ना तुमे? बेटा बोल्या, नवा डालते बोलको."

तो माणूस भला होता. हसला नाही. "आजी, मी टीव्हीचा आहे हो," एवढंच म्हणाला आणि पेचकस पिशवीत टाकायला वाकला. आईनं चष्मा घातला. "असूं दे की. मला वाटलं डोळ्याचं बी बघत्यात," ती म्हणाली आणि त्याला चहा टाकायला उठली. मी तिथंच उभा होतो. लाज वाटली असं लिहिणं सोपं आहे, पण त्या क्षणी मला आधी भीती वाटली. तिच्या डोळ्यासमोर, अगदी मधोमध, खरोखर काहीतरी काळं होतं आणि तिनं सांगूनही ते मला कळलं नव्हतं.

खालांना तर कधीचं माहीत होतं. त्या दवाखान्यात डॉक्टरांनी आईचेही डोळे बघितले होते आणि पडद्याला डाग आहे, मोठ्या डॉक्टरांना दाखवा, असं सांगितलं होतं. आईनं घरी येऊन तेच मला शब्दशः सांगितलं होतं. दोन दिवसांनी मी तिला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, इंजेक्शनं देऊ, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, पण गेलंय ते परत येणार नाही. कडेकडेचं दिसत राहील. मधलं दिसणार नाही. वाचता येणार नाही, माणसाचा चेहरा ओळखू येणार नाही.

रिक्षात मी आईला विचारलं, "मग टीव्ही कसा बघत होतीस?"

"बघतंय कोण? ती सांगती, मी ऐकती."

म्हणजे मोठा, ठळक आणि काळ्याहून काळा टीव्ही मी ज्या बाईसाठी आणला होता, ती बाई खालांच्या तोंडून मालिका बघत होती. कोणी साडी कुठली नेसली, कोणी तोंड फुगवलं, कोण रडतंय. आणि मी शांततेचा नियम करून हॉलमधून नेमका तिचा टीव्हीच हाकलून दिला होता. तेव्हापासून हॉलमधला ओएलईडी बहुतेक वेळ बंद असतो आणि ज्या रंगासाठी तो घेतला, तो रंग चोख दाखवतो.

मी संध्याकाळी जुन्या टीव्हीच्या खोलीत जाऊन बसायला लागलो. तिथं मला जागा नव्हती, म्हणून धान्याच्या पिंपावर बसायचो. त्या दोघींना माझी अडचण व्हायची, पण त्यांनी चालवून घेतलं. मग होळी झाल्यावर खालांच्या नातीचं बाळंतपण आलं आणि त्या सांगोल्याला गेल्या. जाताना मला दारात गाठून म्हणाल्या, "बेटा, आक्का कू बराबर बताना. घाई नै करना."

मी घाई केली नाही, पण मला येईचना. तास तास व्याख्यान देणारा माणूस मी, आणि सांगत काय होतो, तर "ती आली. ती बसली. आता ती गेली." आई म्हणायची, "कोण ती?" मला सगळ्या सुना सारख्याच दिसायच्या. "रडली व्हय?" "हो, रडतेय." "खरं का उगंच?" आता हे कसं ओळखायचं? मी स्टुलाच्या जवळ सरकून त्या फिक्या, पांढुरक्या चेहऱ्याकडं निरखून बघायचो. "डोळे पुसतेय, पण कडेनं सासूकडं बघतेय," मी सांगायचो. "मग उगंच," आई म्हणायची आणि समाधानानं मागं टेकायची. काही दिवसांत मला जमायला लागलं. कोणी हात कसा झटकला, कोणाचं पाऊल उंबऱ्याशी अडलं, हे मला दिसायला लागलं. मधूनच मी मालिका सोडून भलतीकडं जायचो, एखादीचं नाक वडिलांच्या बहिणीसारखं आहे म्हणायचो, आणि आई त्या आत्याची एखादी जुनी कागाळी सांगायची.

एका संध्याकाळी मोठी सून कित्येक भागांनंतर माहेराहून परत आली होती आणि दारात उभी होती. आत सासू. दार बंद. "हात कडीकडं नेलाय," मी सांगत होतो, "पण वाजवत नाहीये," आणि तेवढ्यात लाईट गेली. पडदा काळा झाला. आई पुढं झुकून ऐकत होती. तिचा तो उत्सुक चेहरा बघून मला राहवेना. मी तसंच पुढं सांगत राहिलो. सुनेनं हात मागं घेतला. अंगणात तुळशीपाशी बसली. आतून सासूनं खिडकी किलकिली केली. सुनेच्या पायात चप्पल नाहीये हे तिनं बघितलं. मी बोलत गेलो, कुठून सुचत होतं देव जाणे. बराच वेळ झाला.

"लाईट कवाच गेलीय की रे," आई म्हणाली.

मी म्हटलं, "तुला कळलं होतं?"

"पंखा थांबलाय. गल्लीतली पोरं वरडली. मला दिसत न्हाय, ऐकू येतंय की."

"मग म्हणालीस का नाहीस?"

"तू कवा एवढं बोलतोस माझ्यासंगं?" आई म्हणाली. तिनं हातानं चाचपून माझा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला. "सांग की पुढं. त्या सासूनं दार उघडलं का?"

"उघडलं," मी म्हटलं, आणि पुढचं सांगायला लागलो.